हाताचा अभ्यास

कुत्रा गेला त्याच रात्री कविता लिहायला बसू नये. लिहावीशी फार वाटते, आणि लिहिली की ती बहुतेक अशी होते:

तू गेलास अन् घर सुनं झालं,
काळीज आमचं तुटून गेलं.
मुका जीव तू, इमानी किती,
स्वर्गात सुखी राहो ती ज्योती.

ह्यात खोटं काहीच नाही. पण ह्या ओळी लॅब्रॅडॉरला चालतात, पामेरियनला चालतात, गावठीला चालतात, आणि थोडा फेरफार केला तर शेजारच्या आजोबांनाही चालतील. ज्याच्यासाठी डोळे सुजलेत तो मात्र ह्यात कुठेच सापडत नाही. आमच्याकडचा भुऱ्या गावठी, तेरा वर्षांचा. एरवी साडेअठरा किलो आणि शेवटच्या महिन्यात साडेबारा. त्याच्यावर एक मोठा अभंग लिहायला तेरा दिवस लागले. चार कडवी, एकूण ८८ अक्षरं. ह्या तेरा दिवसांत काय केलं, काय फसलं आणि का फसलं, तेवढंच सांगतो.

तेरा दिवस कुठून आले ते उघड आहे. कुत्र्याला सुतक नाही, पिंड नाही, कावळा शिवायची वाट बघणं नाही, रजेच्या अर्जात लिहिता येईल असं कारण नाही. माणूस गेलं की पहिल्या तासापासून हातांना कामं लागतात: मडकं, लाकडं, गुरुजींना फोन, पाहुण्यांची पानं. त्या कामांचा वैताग येतो, पण घरातल्यांना उभं ठेवतात तीच. कुत्र्याचा खड्डा बुजवला की काम संपलं. (खड्डा चार फूट खोल, खाली-वर जाडं मीठ, वरती मोठे दगड. दगड विसरले तर दुसरी कुत्री रात्रीत उकरतात.) संध्याकाळी भेटायला कुणी येत नाही. आलंच तर “अहो, दुसरं पिल्लू आणा” म्हणतं आणि चहा घेऊन जातं. केनेथ डोका ह्या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा शोकावर एक पुस्तक संपादित केलं आणि त्याला नावही दिलं. मराठीत त्याचा मतलब असा की, लोकांनी ज्याचा हक्कच मान्य केलेला नाही असा शोक. विधी नाही म्हणून हात रिकामे, आणि हात रिकामे म्हणून डोकं त्याच त्या जागी फिरत राहतं. छंदात लिहायला बसलं की निदान बोटांना अक्षरं मोजायचं काम मिळतं. तेरा दिवसांची मुदत त्यासाठीच उसनी घेतली.

पहिले तीन दिवस फक्त टिपणं. कविता नाही, पूर्ण वाक्यंसुद्धा नाहीत. दोनशेपानी वही घ्यायची, डाव्या पानावर लिहायचं आणि उजवं पान कोरं ठेवायचं, ते पुढे लागतं. मोबाइलवर लिहू नये, कारण फोटोंची गॅलरी एका बोटावर असते. एकदा फोटो उघडले की तुम्ही कुत्रा आठवत नाही, फोटो आठवता. निदान चाळीस गोष्टी लिहायच्या. पहिल्या दहा-बारा बहुतेक टाकाऊच निघतात: त्याचे ते डोळे, तो जीव लावायचा, दारात वाट बघायचा. खरी वही पंधराव्या-सोळाव्या नोंदीपासून सुरू होते, कारण तोवर ठेवणीतलं सगळं सांगून झालेलं असतं. आमच्या वहीतल्या काही नोंदी जशाच्या तशा:

मागच्या डाव्या पायाचं नख वाढलेलं. फरशीवर टिक टिक टिक टक.

पावलांना भाजलेल्या कणसाचा वास.

कुकरच्या पहिल्या दोन शिट्ट्यांना कान फक्त हलायचा. तिसरीला उठून ओट्याशी.

गोळी पेढ्यात घालून रात्री साडेआठला. पेढा खायचा, आणि गोळी चाटून लख्ख करून फरशीवर ठेवायचा.

घरी सलाईन, मानेमागच्या कातडीखाली. तिथे लिंबाएवढा फुगवटा यायचा, तासाभरात जिरायचा.

कपाटामागच्या भिंतीवर तेलकट डाग, त्याच्या पाठीच्या उंचीवर. फटाक्यांच्या दिवसांतला.

दाराच्या खालच्या भागात ओरखडे. चार-चारच्या जुडग्यात.

टिपणांना क्रम लागत नाही, पण घाई एका बाबतीत करावी: आधी वास, मग आवाज, मग स्पर्श, आणि दिसणं सगळ्यात शेवटी. दिसणं फोटोंत राहतंच. वास आठवड्याभरात घरातून जातो, आणि तो कसा होता हे नंतर शब्दांत पकडता येत नाही. त्याची गोधडी लगेच धुवायला टाकली जाते. घर आवरण्याच्या झपाट्यात पहिली तीच जाते. ती घट्ट तोंड बांधलेल्या पिशवीत ठेवावी आणि वास लिहून झाल्यावर खुशाल धुवावी. आवाजासाठी मात्र मोबाइल चालतो. आवाज त्याचा नव्हे, घराचा. दुपारी तीन वाजता दहा मिनिटं रेकॉर्डिंग करून ऐकलं की कोणता आवाज गायब आहे ते नेमकं कळतं.

आजारपणाच्या नोंदी टाळाव्याशा वाटतात. टाळू नयेत. भुऱ्याची किडनी गेली होती. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की ते वाढतं) दर तपासणीत वर, भूक खाली, आणि शेवटचे दोन दिवस पाणीही बंद. डॉक्टरांच्या कागदावरचे आकडे, औषधांच्या वेळा, कुणी कुठे धरलं, हे सगळं वहीत असू द्या. कवितेत त्यातलं काय येईल ते तेव्हा सांगता येत नाही. आमच्या अभंगाचा शेवट ह्याच पानांतून आला.

ज्यांना इंजेक्शनचा निर्णय घ्यावा लागतो, त्यांच्या वहीत आणखी एक गोष्ट असते आणि ती आधी मोकळी करावी लागते. आधी गुंगीचं औषध देतात, मग दुसरं. डोळे आपोआप मिटत नाहीत, उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एखादा श्वास घेतल्यासारखा होतो, पोटाचा स्नायू उडतो, लघवी होते. हे शरीराचं उरलंसुरलं काम असतं. जनावराला त्याची जाणीव नसते. हे कुणी आधी सांगितलेलं नसलं की मन त्या एका हालचालीला धरून बसतं: जिवंत होता, मला बघत होता. मग सगळी कविता माफीनामा होते. तुम्हाला अशी शंका असेल तर वही मिटून डॉक्टरांना फोन करा. कवितेने ते उत्तर मिळत नाही.

ह्याच टप्प्यावर क्रियापद ठरवावं लागतं, आणि मराठीत ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. माणसं वारतात, जातात, देवाघरी जातात. जनावर मरतं. ‘भुऱ्या मेला’ म्हटलं की घरातले दचकतात आणि ‘भुऱ्या वारला’ म्हटलं की बाहेरचे हसतात. ‘गेला’ दोघांनाही चालतं, पण कुत्र्याच्या बाबतीत त्याचा दुसरा अर्थ जिवंत राहतो: गेला म्हणजे पळाला, फाटक उघडं होतं. लहान मूल घरात असेल तर हा घोळ खराच होतो. ते रोज फाटकाशी जाऊन उभं राहतं. मुलाला ‘मेला’ असंच सांगावं. इंजेक्शन दिलं असेल तर ‘झोपवलं’, ‘सोडवलं’ आणि ‘मारलं’ ह्या तिघांत पुन्हा निवड. ‘झोपवलं’ मुलांसमोर अजिबात नको, रात्री झोपायची भीती बसते. अभंगात आम्ही शेवटी मरणाचं एकही क्रियापद ठेवलं नाही. पण ती सगळी वहीत लिहून, तोंडाने म्हणून पाहिली तेव्हा कुठे ते जमलं.

दुसरी निवड ‘तू’ की ‘तो’. ‘तू’ म्हटलं की पत्र होतं, आणि पत्रात आपण त्याला माहीत असलेल्या गोष्टी सांगत नाही, फक्त आपलं दुःख सांगत बसतो. ‘तो’ म्हटलं की वाचणाऱ्याला तो दाखवावा लागतो. टिपणांत ‘तू’ खुशाल लिहा, छंदात आणताना ‘तो’ करा. निदान एकदा करून बघा. आणखी एक जाता जाता: मराठी घरांतली बरीच कुत्री इंग्रजीत शिकलेली असतात. ‘यू यू’ आणि ‘हाड’ सोडलं तर त्यांच्याशी आपण सिट, कम, नो, शेक हँड असंच बोललेलो असतो. कवितेत त्याऐवजी ‘बैस रे राजा’ घातलं की खोटं वाजतं. ‘सिट’ असेल तर ‘सिट’च लिहा.

चौथ्या दिवसापासून सातव्यापर्यंत रोज पंधरा मिनिटं सलग लिहिणं. ही रीत जेम्स पेनेबेकर ह्या मानसशास्त्रज्ञाची. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनावर ओझं असलेल्या घटनेबद्दल लिहिलं होतं. घड्याळ लावायचं, पेन थांबवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. लिहून उठल्यावर बरं वाटेल अशी आशा धरू नये. त्या प्रयोगातही लिहून झाल्या झाल्या मंडळी जास्तच उदास होती. म्हणून हे रात्री अंथरुणात बसून करू नये. संध्याकाळी, त्याच्या फिरायच्या वेळेला करावं. तशीही ती वेळ खायला उठते. माफी, राग, डॉक्टरांवरचा राग, “लवकर नेलं असतं तर”, हे सगळं ह्या चार दिवसांत सांडून जाऊ द्या. ही पानं कवितेत घ्यायची नाहीत. ती स्टेपल करून बाजूला ठेवली तरी पुरे. काही जण जाळतात. आम्ही ठेवली, आणि परत उघडलेली नाहीत.

आठव्या दिवशी छंद निवडायचा. इथे जरा रेंगाळतो, कारण गडबड बहुतेक इथेच होते.

मुक्तछंद सगळ्यांना सोपा वाटतो. शोकात तो सगळ्यात अवघड, कारण कुठे थांबायचं हे तो सांगत नाही. माणूस ओळीमागून ओळ लिहीत जातो आणि तिसऱ्या पानावर वाचणारा सुटतो. मंदाक्रांतेचा मोह होतो. मेघदूताचं वृत्त, विरहाला साजेसं. १७ अक्षरं, म भ न त त ग ग हा लघू-गुरूंचा क्रम, यती म्हणजे थांबा आधी ४, मग ६, मग ७ अक्षरांनी. पण पहिल्या चार गुरूंनंतर लागोपाठ पाच लघू लागतात. रोजच्या मराठीत ते सहज मिळत नाहीत, मग संस्कृत शब्द आत येतात, आणि त्यांच्या मागोमाग ‘श्वान’ येतो. श्वान पोलिसांच्या पथकात असतो. आपल्या गोधडीवर होता तो कुत्रा. गझलेत प्रत्येक शेर सुटा असल्यामुळे विखुरलेल्या आठवणींना ती बरी, पण रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी परत येणारा शब्द, जपून घ्यावा. ‘गेला’ रदीफ घेतलेल्या गझला पाचव्या शेराला छाती बडवायला लागतात. अंगाई किंवा पाळणा घेतला की कुत्र्याचं बाळ होतं. ज्यांनी त्याला खरंच बाळासारखं वाढवलं त्यांनी घ्यावा, पण तेरा वर्षांचा, पांढऱ्या मिशांचा कुत्रा पाळण्यात मावत नाही.

पहिल्या आठवड्यात काहीतरी लिहून हवंच असेल तर हायकू. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला. ५-७-५ चा आग्रह मराठीत फारसा कुणी धरत नाही, पण शोकात मोजून लिहिलेला बरा. वहीतला एक:

पट्टा खुंटीला
वाऱ्यानं वाजे कडी
सारे उठलो

हायकूत एकच क्षण मावतो आणि तो घट्ट धरतो. अडचण अशी की तो पुढे नेत नाही. दहा हायकू झाले की दहा वेळा दचकणं होतं, बाकी काही हलत नाही.

मोठा अभंग आम्हाला पुढे घेऊन गेला. एका कडव्यात चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. मोजताना जोडाक्षर एकच, अनुस्वार वेगळा धरायचा नाही, आणि बोलताना अर्धवट उच्चारलं जाणारं शेवटचं अक्षरही पुरं धरायचं, कारण म्हणताना ते पुरं होतं. ‘घास’ दोन अक्षरं, ‘अभ्यास’ तीन. बोटांवर मोजा, मनात मोजलं की हमखास सात होतात. छोटा अभंगही आहे, आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. तो ठसक्यात चालतो, उपदेशाला छान. इथे जरा जास्तच उड्या मारतो. मोठ्या अभंगात सहा-सहा पावलं टाकत आलेला आवाज चौथ्या चरणाला दोन अक्षरं आधीच थांबतो. जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं होतं. ज्या घरात काहीतरी कमी झालंय तिथलं बोलणं ह्या मापात आपसूक बसतं.

कडव्यांना हात घालण्याआधी एक यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली: निष्ठा, इमान, मुका जीव, निरागस, स्वर्ग, इंद्रधनुष्य, पोरकं, काळीज. हे शब्द बंद. शब्द वाईट नाहीत, पण ते आले की त्याच्या जागी कुठलाही कुत्रा बसतो. आणि हा मोह एकट्या आपला नाही, परंपरेचाच आहे. युधिष्ठिराच्या मागे हिमालय चढणारा कुत्रा शेवटी धर्म निघतो. नामदेव ज्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, त्याच्यात त्यांना विठ्ठल दिसतो. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री म्हणजे चार वेद. आपल्याकडे कुत्र्याला जागा मिळते ती तो दुसरा कुणीतरी निघतो म्हणून. तिकडे इंग्लंडातही फार निराळं नाही. कवी बायरनचा बोट्सवेन नावाचा कुत्रा १८०८ मध्ये पिसाळून मेला. त्याचं स्मारक न्यूस्टेड ॲबीत, बायरनच्या घराण्याच्या वाड्यात, आहे, बायरनच्या स्वतःच्या थडग्याहून मोठं. पण त्यावर कोरलेली कविता बघाल तर ती बरीचशी माणसांच्या क्षुद्रपणावर आहे. बोट्सवेन झोपायचा कुठे, भुंकायचा कसा, त्यातून काही कळत नाही. आपला कुत्रा कुत्राच होता, आणि कवितेत तो कुत्राच राहिला पाहिजे, इतकं धरून ठेवलं की निम्मं काम होतं.

पहिलं कडवं नखांचं. सुरुवात “टिक-टिक नखांची” अशी केली. मोजलं तर सात. मग हे आलं:

फरशीवरती
वाजेना ती नखे
घर झाले मुके
कायमचे

अक्षरं बरोबर, तरी तीन चुका. ‘नखे’ अनेकवचनी आणि ‘वाजेना’ एकवचनी. ‘ती’ भरीची, नुसती माप भरायला बसलेली. गंमत अशी की ‘ती’ काढून तिथे ‘त’ ठेवला की दोन्ही चुका मिटतात: वाजेनात नखे. माप तेच. भरीचे शब्द शोधायची सोपी युक्ती हीच; ती, तो, हा, रे, गं ह्यांच्याभोवती पेन्सिलने गोल करायचा आणि प्रत्येकाला नोकरी काय ते विचारायचं. तिसरी चूक ‘कायमचे’. ते दुःख सांगतं, दाखवत नाही. वहीत बघितलं तर रेकॉर्डिंगची वेळ होती दुपारी तीन. रात्री घर असंही शांत असतं. दुपारी सगळे बाहेर आणि तो एकटा फेऱ्या घालायचा. म्हणून:

फरशीवरती
वाजेनात नखे
घर झाले मुके
दुपारचे

‘नखे’ आणि ‘मुके’ हे यमक कडक नाही, ख आणि क. बदलायचा प्रयत्न केला. ‘सुखे’ आणलं तर कडवं मोडलं. ठेवलं तसंच. बोलताना ‘नखं’ म्हणतो आणि इथे ‘नखे’ का, असं घरात विचारलं गेलं. दोन्ही चालतं, फक्त एका कवितेत एकच ठेवावं.

दुसऱ्या कडव्याला तीन दिवस गेले. पहिला खर्डा असा होता:

भाकरी थापता
पहिला तो घास
कुणाचा हा भास
पायापाशी

हे वाचून घरात रडू आलं, म्हणून ते चांगलं आहे असं वाटलं. ह्या सापळ्यापासून सावध राहा. पहिल्या महिन्यात काहीही वाचलं तरी रडू येतं, किराण्याच्या यादीत बिस्किटाचा पुडा दिसला तरी येतं. कसोटी दुसरी घ्यावी: रडू कुठल्या शब्दावर आलं? नामावर आलं असेल तर शब्द ठेवा. विशेषणावर किंवा ‘भास’सारख्या धुक्यावर आलं असेल तर त्याला तपासा. घास, श्वास, भास, आस, ध्यास ही मंडळी मराठी यमकाच्या दारात चपला घालून तयारच असतात; बोलवायच्या आत हजर. शिवाय ह्यात वस्तुस्थितीचीही चूक होती. थापताना घास नसतोच. भाकरी तव्यावरून उतरली, पापुद्रा फुगला, की कडेचा तुकडा मोडून फुंकर मारून खाली दिला जायचा. आणि तो गेल्यावर पाचव्या दिवशीही हात तुकडा मोडतच होता. भास कुणालाच झाला नव्हता. सवय मोडली नव्हती, एवढंच होतं. ‘सवय’ यमकात बसेना, आणि शोधता शोधता जुना शब्द सापडला, संतांच्या बोलीतला, सराव ह्या अर्थाचा:

भाकरी भाजता
मोडतो मी घास
हाताचा अभ्यास
सुटेचना

‘भास’ गेला आणि त्याच्याच जागेवर ‘अभ्यास’ आला. एका अक्षराचा फरक ‘कुणाचा हा’ काढून ‘हाताचा’ घातल्यावर भरून निघाला. असं जुळलं की कळतं की शोधत होतो ती गोष्ट हीच. तीन दिवस वाया गेले नाहीत.

तिसरं कडवं ओरखड्यांचं. इथली पहिली चूक म्हणजे ‘खुणा’. खुणा, आठवणी, पाऊलखुणा ह्या शब्दांना आकार नसतो. टेप घेऊन मोजलं. रेघा जमिनीपासून सेहेचाळीस सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे दीड फूट. कवितेत फूट-इंच कसं घालायचं, असं वाटतं. घाला. माप हे त्या उंचीच्या जिवाचं असतं, दुसऱ्या कुणाचं नाही.

दाराला खालून
दीड फूट रेघा
रंगाऱ्याला सांगा
त्या सोडून

रेघा–सांगा, घ आणि ग. पुन्हा तोच प्रकार, महाप्राणाला (ख, घ) अल्पप्राणाचं (क, ग) उत्तर. पहिल्या कडव्यात जे कच्चं वाटलं होतं ते दुसऱ्यांदा आल्यावर ह्या कवितेची बोली झाली. वाक्य अर्धंच सुटतं, ‘रंगव’ हा शब्द आलाच नाही, पण चौथ्या चरणाला तेवढीच जागा आहे.

चौथ्या कडव्यात नाममुद्रा येते. तुका म्हणे, नामा म्हणे, तशी इथे ‘भुऱ्या म्हणे’ घालायची फार ओढ लागते. घालू नये. घातली की कुत्रा लगेच उपदेश करायला लागतो: रडू नका, मी इथेच आहे, प्रेम करत राहा. तेरा वर्षांत त्याने एकदाही असं काही सांगितलं नव्हतं. पण नावाची जागा मात्र तीच. तीन कडवी नाव राखून ठेवलं की चौथ्यात ते जड पडतं. मग मुद्राच उलटी केली. उरलेलं काम वहीच्या आजारपणाच्या पानांनी केलं, शेवटचे दोन दिवस आणि पाणी बंद:

भुऱ्या काही नाही
म्हणाला शेवटी
पाण्याची ती वाटी
भरलेली

ह्यातली ‘ती’ भरीची आहे, मान्य. गोल करून नोकरी विचारली, समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तरी राहू दिली. बाराव्या दिवसाची रात्र होती.

तेराव्या दिवशी मोठ्याने म्हणणं. आधी उजव्या पानावर स्वच्छ उतरवून, चरण वेगवेगळ्या ओळीत. मनात वाचलेला अभंग आणि म्हटलेला अभंग वेगळे असतात. म्हणताना अडखळलो ती जागा दुरुस्तीची. चाल नवी शोधू नये, आषाढीला कानावर पडते तीच कुठलीही घ्यावी, टाळ नकोत. चौथ्या चरणानंतर एक श्वास थांबायचं. घाईने पुढचं कडवं उचललं तर ती कमी पायरी कळतच नाही. आवाज फुटला तर थांबून त्याच कडव्याच्या सुरुवातीपासून. पूर्ण अभंग दीड-दोन मिनिटांत होतो. त्याआधी गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी घातली. ती त्यांनी भांडून खाल्ली, आणि मधेच एकाने वर बघून भुंकून घेतलं. चालतं.

आल्यागेल्याला कविता वाचायला देण्याची घाई करू नये. पहिल्या महिन्यात कुणी “छान आहे” म्हटलं तरी लागतं आणि “यमक जुळत नाही” म्हटलं तरी लागतं. मुलांना मात्र वही द्यावी, उजव्या पानांवर त्यांना हवं ते काढू-लिहू द्यावं. आमच्या वहीत अभंगाच्या समोरच्या पानावर एक चित्र आहे: पाच पायांचा कुत्रा. पाचवा पाय म्हणजे शेपूट, असं त्याखाली लिहिलेलं आहे. छंदाच्या दृष्टीने ह्या वहीतलं हे सगळ्यात मोकळं पान.

दसऱ्याच्या सुमाराला रंगारी आला. दार घासायला त्याने पॉलिश पेपर काढला, तेव्हा खालून दीड फुटाला आडवी मास्किंग टेप लावून दिली. तेवढा पट्टा तसाच ठेवायचा, असं सांगितल्यावर त्याने एकदा रेघांकडे बघितलं, आणि कुत्रा केवढा होता एवढंच विचारलं.